हद्दीबाहेरील प्रतिवादी (दिवाणी कायदा)

दिवाणी न्यायालयाच्या प्रादेशिक हद्दीत वास्तव्य नसलेल्या व्यक्तीविरुद्ध तेथे दावा दाखल झाल्यास ती हद्दीबाहेरील प्रतिवादी ठरते. अशा व्यक्तीवर न्यायालयाची अधिकारिता केव्हा चालते, हे भारतात मुख्यतः दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील कलम १५ ते २१ यांनुसार ठरते. प्रतिवादी दूर राहतो एवढ्याने अधिकारिता संपत नाही. मात्र दाव्याचा त्या हद्दीशी कायद्याने मान्य केलेला संबंध असावा लागतो.

अधिकारितेचे आधार

स्थावर मालमत्तेच्या वाटपाचा किंवा ताब्याचा दावा कलम १६ नुसार मालमत्ता असेल तेथे चालतो. उदाहरणार्थ, रत्नागिरी जिल्ह्यातील आंजर्ले (तालुका दापोली) येथील वडिलोपार्जित बागेच्या वाटपाचा दावा, सर्व भाऊबंद मुंबईत राहत असले तरी, आंजर्ले ज्या न्यायालयाच्या हद्दीत येते तेथेच दाखल करावा लागतो.

करार, उसनवारी इत्यादी दावे कलम २० नुसार प्रतिवादी राहतो किंवा धंदा करतो तेथे, अथवा वादकारण पूर्णतः वा अंशतः घडले तेथे दाखल करता येतात. आंब्याचा सौदा आंजर्ल्यात ठरून माल तेथेच ताब्यात दिला असेल, तर पैसे थकवणाऱ्या पुण्यातील व्यापाऱ्यावरही त्याच हद्दीतील न्यायालयात दावा करता येतो.

समन्स आणि हरकत

अधिकारिता असली तरी प्रतिवादीला समन्स बजावणे आवश्यक असते. दुसऱ्या हद्दीतील प्रतिवादीस ते तेथील न्यायालयामार्फत बजावता येते. समन्स मिळूनही तो गैरहजर राहिल्यास एकतर्फी हुकूमनामा होऊ शकतो. समन्स रीतसर बजावले नव्हते किंवा गैरहजेरीस पुरेसे कारण होते, असे सिद्ध केल्यास आदेश ९, नियम १३ नुसार तो रद्द करून घेता येतो. दाव्याच्या स्थळाबाबतची हरकत मात्र कलम २१ नुसार पहिल्याच संधीस घ्यावी लागते.

परकीय न्यायालयांचे निर्णय

फरीदकोट संस्थानाच्या प्रकरणात (१८९४) प्रिव्ही कौन्सिलने ठरवले की, संस्थान सोडून गेलेल्या आणि तेथील न्यायालयाची अधिकारिता न स्वीकारलेल्या व्यक्तीविरुद्धचा आर्थिक हुकूमनामा बाहेर बंधनकारक नाही. मालोजीराव शितोळे विरुद्ध शंकर सरन (१९६२) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व लावले. ग्वाल्हेरच्या न्यायालयाने १९४८ मध्ये दिलेल्या एकतर्फी हुकूमनाम्याची अलाहाबादेत अंमलबजावणी त्यामुळे नाकारली गेली. अमेरिकेत १९४५ पासून प्रतिवादीचा त्या राज्याशी किमान संबंध आहे का, ही कसोटी लावली जाते.