हाड आणि धातू यांची सोयरीक

दात गेले की कवळी बसवावी, ही रीत जुनी आहे. परंतु कवळी हिरडीवर केवळ टेकलेली असते. हाडात तिला मूळ नसते. म्हणून जबड्याच्या हाडातच धातूची खुंटी रोवून तिच्यावर दात चढविण्याचे प्रयत्न अनेकांनी केले. ते बहुधा फसत. शरीर त्या परक्या वस्तूभोवती मऊ तंतूंचे वेष्टण विणी आणि खुंटी डळमळू लागे.

ह्यावरचा मार्ग सापडला तो मात्र दातांचा विचार करताना नव्हे. १९५२ साली स्वीडनमधील लुंड येथे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी हाडात बसविलेले टिटॅनियमचे उपकरण ते काढू गेले, तो ते निघेना. हाड त्याला घट्ट बिलगून वाढले होते. पुढे १९६५ साली त्यांनी जबड्यात जन्मजात व्यंग असलेल्या एका गृहस्थांच्या हाडात टिटॅनियमच्या खुंट्या बसविल्या. ते गृहस्थ २००६ साली वारले, तोपर्यंत त्या खुंट्या काम देत होत्या.

तथापि हाड धातूला धरण्यास वेळ घेई. खालच्या जबड्यात सुमारे तीन महिने, वरच्यात सहा महिने खुंटीवर भार टाकावयाचा नाही, असा दंडक होता. तोवर भाकरीचा घास रुग्णाला पारखाच. हा काळ कमी कसा व्हावा? हाडाला त्याच्याच जातीचा सोबती द्यावा, असा विचार पुढे आला. हाडाचा व दाताचा मुख्य खनिज घटक हायड्रॉक्सिअ‍ॅपॅटाइट ह्या जातीचा असतो. १९८० च्या दशकात त्याची भुकटी अतितप्त झोतातून उडवून खुंटीवर तिचा लेप चढविण्यात येऊ लागला. लेपाची जाडी बहुधा मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाइतकी असे.

हाड ह्या लेपाला लवकर चिकटले. उणीव होती ती दुसऱ्या बाजूस. लेप हाडाचा सोयरा झाला, पण धातूशी त्याची गाठ तितकी पक्की नव्हती. शिवाय झोताच्या उष्णतेने भुकटीचा काही अंश काचेसारखा होई व शरीरात विरघळे. काही खुंट्यांवरील लेप सुटू लागला.

१९९१ साली स्वित्झर्लंडमधील डॅनियल ब्यूझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान जातीच्या डुकरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. लेप दिलेल्या खुंटीशी हाडाचा संपर्क सर्वांत अधिक आढळला; परंतु लेप झिजत असल्याच्या खुणाही दिसल्या. त्याच्या खालोखाल संपर्क आढळला तो वाळूसारख्या कणांचा मारा करून नंतर आम्लाने खरवडलेल्या टिटॅनियमशी. गवंडी गिलाव्यापूर्वी भिंतीला टोचे मारतो, त्यातलाच हा प्रकार. येथे सुटून येण्यासारखा थरच नव्हता. अशा खुंट्यांमुळे चांगल्या हाडात प्रतीक्षेचा काळ सहा ते आठ आठवड्यांवर आला.

लेपाची कल्पना त्यामुळे टाकाऊ ठरली नाही. अधिक पातळ व घट्ट लेप देण्याच्या रीती पुढे निघाल्या. मात्र ह्या अनुभवाने एक गोष्ट पटविली. खुंटीची परीक्षा हाड तिला किती लवकर धरते एवढ्यावर होत नाही; रोज चावताना ती पकड किती वर्षे टिकते, ह्यावर होते.