रात्र, रेल्वे आणि एकशेवीसची फिल्म

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत फोटोग्राफीवर लेख कशाला, असे काही सभासदांना वाटेल. पण आपल्या मंडळातले निम्म्याहून अधिक लोक रेल्वेचे आहेत, आणि ज्या छायाचित्रकाराबद्दल मला मुख्यतः लिहायचे आहे त्याने आयुष्याची पाच वर्षे रात्री-अपरात्री रुळांच्या कडेला काढली. शिवाय तो शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर, म्हणजे आमच्याच बिरादरीतला. तेव्हा वाचकांनी थोडे सहन करावे ही विनंती.

आधी फिल्मबद्दल. आपल्यापैकी अनेकांच्या घरी १९६०-७० च्या काळात ‘आग्फा क्लिक थ्री’ नावाचा काळा कॅमेरा होता. तो बडोद्याला तयार होत असे. पाठीमागच्या लाल काचेतून आकडा बघत रोल पुढे सरकवायचा, बारा फोटो झाले की रोल संपला. तो रोल म्हणजे १२० नंबरची फिल्म. कोडॅकने ती १९०१ साली आपल्या ब्राउनी कॅमेऱ्यासाठी काढली आणि आज सव्वाशे वर्षांनंतरही ती त्याच मापात मिळते. रुंदी साधारण ६ सेंटीमीटर. या फिल्मवर काम करणाऱ्या कॅमेऱ्यांना मीडियम फॉरमॅट म्हणतात. पुढे सगळीकडे पसरलेल्या ३५ मिलिमीटर फिल्मचे चित्र २४ बाय ३६ मिलिमीटरचे, तर १२० चे चौकोनी चित्र सुमारे ५६ बाय ५६ चे. गुणाकार करून बघा, क्षेत्रफळ साडेतीन पटींहून जास्त भरते. लांबवर पसरलेले माळरान, यार्डातले शंभर दिवे, डोंगराची कड, हे सगळे मोठे करून छापायचे तर ही जागा कामाला येते. जर्मनीचा रोलायफ्लेक्स १९२९ साली आला, स्वीडनचा हॅसेलब्लाड १९४८ साली. १९६९ मध्ये चंद्रावर उतरलेल्या माणसांच्या छातीवरही हॅसेलब्लाडच होता.

दिवसा ठीक आहे, पण रात्री फिल्म वेगळे वागते. उजेड निम्मा झाला तर वेळ दुप्पट द्यावा, हा साधा हिशेब. मात्र उजेड फारच कमी झाला की तो चुकतो. कार्ल श्वार्झशिल्ड या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने ताऱ्यांचे फोटो घेताना १९०० च्या सुमारास याचे गणित मांडले. (पुढे १९१६ साली कृष्णविवरांच्या गणितात ज्याचे नाव आले तोच हा.) कोडॅकच्या ट्राय-एक्स फिल्मसाठी जुने कोष्टक असे होते: मीटर १० सेकंद म्हणाला तर ५० द्या, १०० म्हणाला तर १२०० द्या. म्हणजे पावणेदोन मिनिटांच्या जागी तब्बल वीस मिनिटे! रात्री फोटो काढणारा माणूस घड्याळाकडे बघत थंडीत का उभा असतो, ते यावरून कळावे.

पॅरिसमध्ये ब्रासाय याने घड्याळाऐवजी सिगारेट वापरली. त्याचे खरे नाव ग्युला हालास. जन्म १८९९ साली ब्राशो या तेव्हाच्या हंगेरीतल्या, आता रुमानियातल्या गावी, आणि गावावरूनच टोपणनाव. आपल्याकडच्या ‘नगरकर’, ‘सातारकर’सारखाच प्रकार. त्याचा कॅमेरा साडेसहा बाय नऊ सेंटीमीटरच्या काचेच्या प्लेटचा, म्हणजे मापाने मीडियम फॉरमॅटच. उजेड असेल तर एका जातीची सिगारेट ओढून होईपर्यंत शटर उघडे, अंधार जास्त असेल तर दुसऱ्या जातीची जाडजूड सिगारेट. रस्त्यावरचा दिवा थेट भिंगात येऊ नये म्हणून तो झाडाआड धरायचा आणि धुक्याची किंवा पावसाची रात्र निवडायची, म्हणजे ओल्या फरशीवरून उजेड पसरतो. त्याचे रात्रीच्या पॅरिसचे पुस्तक १९३३ साली गाजले. पण ब्रासायचे रस्ते बहुतेक स्थिर आहेत. वीस मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये पळणारी गाडी आली तर फिल्मवर नुसती हेडलाइटची रेघ उरते.

ही अडचण ओ. विन्स्टन लिंक याने सोडवली. जन्म १९१४, ब्रुकलिन. १९३७ मध्ये सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी घेतली, पण नोकरी धरली जाहिरातीच्या फोटोंची. जानेवारी १९५५ मध्ये तो व्हर्जिनिया राज्यात एअर कंडिशनरचे फोटो घ्यायला गेला होता. काम संपल्यावर संध्याकाळी गाडी काढून जवळच्या वेन्सबरो स्टेशनवर गेला. ती लाइन नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची. बाकी अमेरिका डिझेलवर गेली होती आणि ही एक मोठी कंपनी अजून वाफेवर चालत होती. कारण सरळ आहे, तिची मिळकतच कोळसा वाहतुकीची. आपल्या बिलासपूर विभागात काम केलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. ती आपली इंजिने रोआनोक येथील स्वतःच्या कारखान्यात बांधत असे आणि १९५३ पर्यंत बांधत होती. पण १९५५ सालीच तिथेही पहिली डिझेल इंजिने आली. लिंकने ओळखले की हातात थोडीच वर्षे आहेत. कंपनीच्या अध्यक्षांकडून त्याने लाइनवर फिरण्याची परवानगी मिळवली. पैसे मात्र स्वतःच्या खिशातले.

त्याचा कॅमेरा मीडियम फॉरमॅटपेक्षाही मोठा, ४ बाय ५ इंच फिल्मचा. असे दोन-तीन कॅमेरे शेजारी शेजारी लावायचे. सूर्य आपल्याला हलवता येत नाही आणि रूळही हलवता येत नाहीत, तेव्हा उजेड आपणच आणावा, असा त्याचा विचार. त्यासाठी डझनावारी फ्लॅश बल्ब खांबांवर, झाडांवर, घरांच्या आडोशाला बसवायचे, त्यांच्या वायरी अंधारात शेकडो फूट ओढायच्या आणि मग गाडीची वाट बघायची. प्रत्येक बल्ब एकदाच पेटतो. गाडीही एकदाच जाते.

इथे मला इंजिनिअर म्हणून सर्वांत आवडलेली गोष्ट सांगतो. लिंकने हे बल्ब सीरिजमध्ये जोडले होते. एक निकामी असला तर एकही पेटायचा नाही. सामान्य माणसाला हा वेडेपणा वाटेल. पण आमच्या सिग्नलवाल्यांना विचारा. ट्रॅक सर्किटमध्ये कुठेही तार तुटली की सिग्नल लाल होतो, तेच हे तत्त्व. सर्किट पूर्ण आहे की नाही हे गाडी येण्याआधीच तपासता येते, आणि अर्धवट उजळलेला फोटो घेऊन घरी जाण्याची वेळ येत नाही.

त्याचा सर्वांत प्रसिद्ध फोटो २ ऑगस्ट १९५६ चा, वेस्ट व्हर्जिनियातल्या आयेगर गावचा. मोकळ्या मैदानात मोटारीत बसून सिनेमा बघायची सोय, पुढच्या मोटारीत एक जोडपे, पडद्यावर विमान आणि मागच्या भरावावरून धूर सोडत जाणारी मालगाडी. त्यासाठी ४३ बल्ब लागले. एवढ्या उजेडात पडदा पांढराफटक पडला, म्हणून पडद्यावरचे चित्र वेगळे घेऊन छापताना जोडले. मोटार लिंकची स्वतःची आणि जोडपे सांगून बसवलेले.

यावर आमच्या फोटोवेड्या सहकाऱ्यांत रनिंग रूमच्या चहावर बरेच वाद झाले आहेत. एका मित्राचे मत असे की हा इतिहास नव्हे, नाटक आहे. माझे मत थोडे वेगळे आहे. विमान जोडलेले आहे हे लपवलेले नाही, आणि गाडी खरी आहे, वेळापत्रकातली आहे, ड्रायव्हर-फायरमन खरे आहेत. त्याने नुसती इंजिने टिपली असती तर आज ती कॅटलॉगसारखी वाटली असती. लिंकच्या फोटोत ओढ्यात डुंबणारी मुले आहेत, दिवाणखान्यात बसलेली बाई खिडकीतून जाणारी गाडी बघते आहे, शेडमध्ये तेलपाणी करणारे खलाशी आहेत. रेल्वे गावाच्या जगण्यात कशी मिसळलेली होती ते त्यात दिसते. मात्र मित्राचा एक मुद्दा मला मान्य आहे: त्या रात्री खऱ्या रात्रींपेक्षा जास्त स्वच्छ आणि जास्त सुंदर आहेत. शेडमधला चिकट काळा धूर फ्लॅशमध्ये पांढरा कापूस होतो. फायरमनचा घाम फोटोत येत नाही.

१९६० साली त्या लाइनवरची वाफ संपली. लिंककडे सुमारे २४०० निगेटिव्ह जमले होते आणि विचारणारे फारसे कोणी नव्हते. जाहिरातीचे काम करत त्याने दिवस काढले. पुस्तक निघाले ते थेट १९८७ मध्ये. २००१ साली तो वारला आणि २००४ साली रोआनोकच्या जुन्या पॅसेंजर स्टेशनच्या इमारतीत त्याच्या फोटोंचे संग्रहालय उघडले.

१२० फिल्मवर रात्रीचे भूदृश्य टिपणाऱ्यांत मायकेल केना या इंग्रज छायाचित्रकाराचे नाव घ्यायलाच हवे. जन्म १९५३. बॅटरी न लागणारा जुना हॅसेलब्लाड, ट्रायपॉड आणि काही वेळा आठ-दहा तासांचे एक्स्पोजर. फ्लॅश नाही, धावपळ नाही. लिंकच्या अगदी उलट. १९८० च्या दशकापासून त्याने रॅटक्लिफ-ऑन-सोर या कोळशावरच्या वीज केंद्राचे शीतक मनोरे रात्री-पहाटे पुनःपुन्हा टिपले. तेव्हा लोकांना तो धुराडा वाटे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी ते केंद्र बंद झाले, ब्रिटनमधले कोळशावरचे शेवटचे.

आता आपल्याकडे. चित्तरंजनच्या कारखान्याने वाफेची इंजिने बांधणे १९७२ मध्ये थांबवले, आणि ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची गाडी डिसेंबर १९९५ मध्ये संपली. म्हणजे आपल्याला लिंकपेक्षा पस्तीस वर्षे जास्त मिळाली. या काळात परदेशी हौशी लोक खास भारतात येऊन इंजिनांचे फोटो काढून गेले. आपले काय? आपल्याकडे फोटो काढले गेले ते निवृत्तीच्या निरोप समारंभाचे, शेडच्या विश्वकर्मा पूजेचे, कॉलनीतल्या गणपतीचे. पण त्या हारतुऱ्यांच्या मागे इंजिन उभे असते. फलाटाची जुनी पाटी असते. पाण्याचा स्तंभ असतो. आणि तो फोटो बहुधा १२० वर काढलेला असतो, म्हणजे निगेटिव्हमध्ये पाटीवरची अक्षरे वाचता येतील इतका तपशील आहे.

म्हणून एक विनंती. आपल्या वडिलांच्या ट्रंकेत अशी निगेटिव्ह असतील तर टाकू नयेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नयेत, साध्या कागदी पाकिटात कोरड्या जागी ठेवावीत. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर फिल्म खराब होऊ लागली आहे, ती बाकीच्यांपासून वेगळी करावी आणि आधी स्कॅन करावी. उत्सवाच्या दहा दिवसांत संध्याकाळच्या आरतीनंतर मी मंडळाच्या कार्यालयात स्कॅनर घेऊन बसणार आहे. निगेटिव्ह त्याच दिवशी परत मिळतील. सोबत शेडचे नाव, साल आणि फोटोतल्या माणसांची नावे एका कागदावर लिहून आणावीत. नावे सांगू शकणारी मंडळी अजून आपल्यात आहेत, त्यांनाही बरोबर आणावे.