‘अप’ आधी आणि ‘अप’ नंतर

सरकारी नोकरीतील माझ्या पहिल्या वर्षाची ही गोष्ट. एका वृद्ध विधवेला कुटुंब-निवृत्तिवेतन मंजूर झाले होते. त्या मंजुरीवर हरकत निघाली आणि प्रकरण वरिष्ठांकडे गेले. तेथून आलेल्या इंग्रजी आदेशात निर्णय ‘अपहेल्ड’ असल्याचे लिहिले होते. एम. ए.ची पदवी गाठीशी असूनही मी घाईघाईत ‘हेल्ड अप’ असा अर्थ केला आणि म्हणालो, “आजी, आपले प्रकरण अडकून पडले आहे.” वस्तुतः निर्णय कायम झाला होता. चूक ध्यानात येईपर्यंत दोन महिने लोटले. ते बाईंनी उसनवारीवर काढले.

एकच ‘अप’. तो क्रियापदाच्या आधी आला तर निर्णय कायम, नंतर आला तर खोळंबा. असे का व्हावे?

प्राचीन इंग्रजीत दिशादर्शक अव्यये पुष्कळदा क्रियापदाच्या आधी जोडली जात. संस्कृतातील ‘हृ’ धातूपासून उपसर्गांच्या योगाने आहार, विहार, संहार होतात, तसाच काहीसा हा प्रकार. ‘अपहोल्ड’ हा शब्द त्या जुन्या धाटणीचा. 1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि दरबारात फ्रेंच भाषा आली. पुढील शतकांत विद्वत्तेची व कारभाराची बरीच क्रियापदे फ्रेंच व लॅटिनमधून घेतली गेली. देशी अव्यये मात्र क्रियापदानंतर स्थिरावत गेली. पीटरबरोच्या मठातील बखरीत 1137 सालाखाली एक नोंद आहे. बिशपांनी आपले किल्ले स्वाधीन करेपर्यंत स्टीफन राजाने त्यांना कैदेत ठेवले, असे ती सांगते. आणि तेथे ‘गिव्ह अप’ ही जोडी जुन्या रूपात भेटते. त्या ‘अप’चा ‘वर’ या दिशेशी संबंध उरलेला नाही.

1755 मध्ये सॅम्युएल जॉन्सनने आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत या जोड्या परकीयांना फार कठीण जातात, हे मान्य केले. त्याचीच उदाहरणे पाहा : ‘सेट आउट’ म्हणजे प्रवासास निघणे, ‘सेट इन’ म्हणजे सुरू होऊन टिकून राहणे, ‘सेट ऑफ’ म्हणजे शोभा आणणे. वाटसरू ‘सेट आउट’ होतो, पावसाळा ‘सेट इन’ होतो. 1925 मध्ये लोगन पीअरसॉल स्मिथ यांच्या ग्रंथामुळे ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव रूढ झाले.

आपण इंग्रजीला हसण्याचे कारण नाही. ‘बोलून दाखवणे’, ‘बोलून जाणे’ आणि ‘बोलून बसणे’ यांतील अंतर आपण परप्रांतीयाला कोणत्या नियमाने समजावून देणार? ते व्याकरणाइतकेच सहवासाने कळते. परंतु जिचा इंग्रजीशी सहवासच नाही, तिच्या उदरनिर्वाहाचा निर्णय त्या भाषेत आला, तर अर्थ सांगणाऱ्याची जबाबदारी दुप्पट होते. मी त्या दिवशी आजींना केवळ शब्दाचा अर्थ चुकीचा सांगितला नाही. मी ‘बोलून बसलो’ होतो.