बेंबीतल्या गाठीचं बारसं

छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजात, सर्जरी शिकणाऱ्या पोरांना पोटाला हात लावण्याआधी पोट नुसतं बघायला सांगतात, आणि बघताना बेंबी चुकवायची नाही. तिथे टणक, वेडीवाकडी, कधी चिघळलेली गाठ दिसली, तर तोंडी परीक्षेत प्रश्न ठरलेला: हिचं नाव काय? उत्तरात एका ननचं नाव येतं. सिस्टर मेरी जोसेफ नोड्यूल. पोटातला कॅन्सर कातडीपर्यंत येऊन पोचल्याची ही खूण.

सिस्टरांचं मूळ नाव ज्युलिया डेम्पसी, जन्म १८५६. अमेरिकेत मिनेसोटातल्या रॉचेस्टर गावी फ्रान्सिस्कन नन्सनी १८८९ मध्ये सेंट मेरीज हॉस्पिटल काढलं. नर्सिंग सिस्टर तिथेच काम करता करता शिकल्या. १८९० ते १९१५ त्या तिथले सर्जन डॉ. विल्यम मेयो यांच्या ऑपरेशनमधल्या सहायक, आणि १८९२ पासून शेवटपर्यंत अख्ख्या हॉस्पिटलच्या कारभारीण. ऑपरेशनआधी रोग्याचं पोट घासून स्वच्छ करायचं काम त्यांच्याकडे होतं. बेंबीत मळ साचतो, तिथे वरवर पुसून भागत नाही. घासता घासता त्यांच्या ध्यानात आलं, की काहींच्या बेंबीत कडक गाठ लागते, आणि पोट उघडलं की आत कॅन्सर पसरलेला निघतो. त्यांनी ते मेयोंच्या कानावर घातलं. हात आणि आठवण, एवढ्यावर झालेला हा शोध!

बेंबीतल्या कॅन्सरची नोंद डॉक्टरांनी त्यांच्याआधीही केली होती. मेयोंनी १९२८ मध्ये त्यावर लिहिलं, तेव्हा गाठीला पँटच्या बटणाची उपमा दिली. सिस्टर १९३९ मध्ये वारल्या. गाठीला त्यांचं नाव दिलं ते १९४९ मध्ये, इंग्रज सर्जन हॅमिल्टन बेलींनी. होस्टेलच्या खोल्यांतून उशाला असणाऱ्या 'बेली अँड लव्ह' या सर्जरीच्या पुस्तकातले बेली ते हेच. म्हणजे १९५६ मध्ये सुरू झालेल्या घाटीहून हे नाव फक्त सात वर्षांनी थोरलं.

पण बेंबीच का? पोटाच्या भिंतीत इतरत्र कातडीखाली चरबी आणि स्नायूंचे थर असतात. बेंबीत ते जवळजवळ नाहीतच, पोटाचं आतलं अस्तर थेट कातडीला टेकतं. शिवाय गर्भातल्या वाटा बुजल्या तरी त्यांचे दोर राहतात, एक यकृताकडे, एक मूत्राशयाकडे. इथल्या रसवाहिन्या वर काखेकडे आणि खाली जांघेकडे जातात. जठर, आतडं, स्वादुपिंड, बीजकोश, कुठल्याही कॅन्सरला यातली एखादी वाट सापडते. मात्र वाट असली म्हणजे पेशी रुजतेच असं नाही. सेंट मेरीज उघडलं त्याच १८८९ मध्ये लंडनच्या स्टीफन पॅजेटांनी स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ बायकांच्या नोंदी तपासून मांडलं, की बी सगळीकडे उडतं, उगवतं मात्र मानवेल त्या मातीत. कातडीची माती बहुतेक कॅन्सरना मानवत नाही. बायकांत स्तनाचा आणि पुरुषांत फुप्फुसाचा कॅन्सर त्यातल्या त्यात जास्त वेळा तिथवर येतो.

आपल्याकडे पोट दुखलं की 'बेंबी सरकली' म्हणून तेल लावून चोळायची रीत अजून आहे. चोळणाऱ्या मावशींच्या बोटाला अशी गाठ लागली, तर चोळणं तिथेच थांबवावं. ती हर्निया असेल, साचून दगड झालेला मळ असेल, किंवा पाळीच्या वेळी दुखणारी, रक्त येणारी साधी गाठही असेल. सुई घालून चार पेशी काढल्या की निवाडा होतो. ती तपासणी घाटीत होते, आणि पुढचे उपचार २०१२ पासून शहरातल्याच सरकारी कॅन्सर हॉस्पिटलात.