हिरव्या कोंकणचें ताट

कळमनुरीच्या शिवारांत वैशाखांत उभें राहिलें म्हणजे जमिनीची अवस्था एका दृष्टिक्षेपांत कळते. काळ्या मातीला भेगा पडलेल्या, कयाधूचें पात्र आटलेलें. आणि पुढें आभाळानें दगा दिला तर काय होणार हें तेथल्या पोरासुद्धां ठाऊक असतें. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्यानें पाहिला तो असा, उघड्या डोळ्यांनीं. अशा मुलखांतला माणूस आषाढांत सह्याद्रीचा घाट उतरून कोंकणांत येतो, तेव्हां तो थक्क झाल्यावांचून राहत नाहीं. वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस. दगडाला शेवाळ, कौलांवर गवत, वाटेच्या दोहों बाजूंस पाणी खळाळतें आहे. येथें कोणी अर्धपोटीं राहत असेल अशी शंकाही त्याच्या मनाला शिवत नाहीं. तथापि कोंकणी कुणब्याच्या घरीं वर्षांतले अत्यंत ओढीचे दिवस असत ते नेमके हेच.

याचें कारण साध्या हिशेबाचें आहे. भाताचें हळवें पीकसुद्धां भाद्रपद-आश्विनापूर्वीं हातीं येत नसे, गरवें त्याहून उशिरां. आणि आदल्या वर्षीचा कणगींतला दाणा ज्येष्ठांतच तळाला गेलेला असे. समुद्रही पावसाच्या तोंडीं बंद होई. नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण होईपर्यंत कोळ्याची होडी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली. मग चुलीवर चढावयाचें काय? उन्हाळ्यांत वाळवून ठेवलेला जवळा व बोंबील, फणसाच्या आठळ्या, कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, वरीचा किंवा हरकाचा भात, आणि पावसानें फुकट उगवून दिलेला टाकळा, कुरडू व भारंगी. शहरांतल्या उपाहारगृहांत हल्लीं हे पदार्थ कौतुकानें मांडले जातात, आणि ते रुचकर आहेत यांत संशय नाहीं. मात्र त्यांतल्या बहुतेकांचा शोध भुकेनें लावलेला आहे.

आणि हा प्रदेश निसर्गानें आयता दिलेला आहे ही समजूतही अर्धीच खरी. जांभ्या दगडाचे सडे जवळजवळ उघडे असतात. डोंगरउतारावरची वरकस जमीन नाचणी-वरीपलीकडे फारसें देत नाहीं. भाताचीं खाचरें माणसानें बांध घालून, माती अडवून, पिढ्यान्‌पिढ्या घडविलीं. रोपाच्या जागेवर शेण, पालापाचोळा व झाडांच्या फांद्या पसरून राब भाजावयाचा, मग पेरणी, मग गुडघाभर चिखलांत लावणी. खाडीकांठीं तर याहून अवघड काम. भरतीचें खारें पाणी बाहेर ठेवण्यासाठीं माती-दगडांचा लांबच लांब बांध घालावयाचा, त्यांत उघाड्या बसवावयाच्या. ओहोटीला आंतलें पाणी बाहेर जावें, भरतीला दार आपोआप मिटावें. पावसानें मीठ धुऊन गेलें म्हणजे मग तेथें भात. एका रात्रींत बांध फुटला तर पुढें कित्येक वर्षांचें पीक गेलें. खाडीकांठच्या भातशेतीचें चित्र प्रवाशाला रम्य वाटतें. त्याच्या कडेनें गेलेला तो ओबडधोबड बांध मात्र सहसा कोणी पाहत नाहीं.

जमिनीनें हात आंखडता घेतला तरी समुद्रानें कोंकणाला पुष्कळ दिलें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतल्या पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथांत सोपारा, कल्याण व चौल या बंदरांचा उल्लेख आहे. दहाव्या शतकाच्या आरंभीं मसूदी हा अरब प्रवासी चौलास येऊन गेला. या व्यापाराबरोबर माणसें आलीं व राहिलीं. कोंकणी मुसलमानांच्या घरीं तांदूळ आणि नारळ शेजाऱ्यांसारखेच शिजूं लागले. बेने इस्रायल अलिबागच्या बाजूस तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणूं लागले. १५१० मध्यें पोर्तुगीजांनीं गोवें घेतल्यावर अमेरिका खंडांतलीं पिकें या किनाऱ्यास लागलीं: मिरची, काजू, अननस, पपई, पेरू. तोंपर्यंत कोंकणी कालवणाचा तिखटपणा मिरीवर भागत असे. आंबा इथलाच; परंतु उत्तम जातीचीं कलमें बांधण्याची कला गोव्यांत पोर्तुगीजांच्या अमलांत फोफावली, आणि हापूस हें नांव अफोन्सो या पोर्तुगीज नांवाचा अपभ्रंश. कळमनुरीच्या घरांतल्या ठेच्याची मिरची व चटणीचा भुईमूग यांचें मूळही त्याच सातासमुद्रांपलीकडच्या खंडांत आहे.

येवढें सारें असून भात पिकविणाऱ्याच्या पानांत भात कां नसे? येथें खोताचें नांव घ्यावें लागतें. खोत हा मूळचा गांवचा वसूल गोळा करून सरकारांत भरणारा वतनदार. कालांतरानें बहुतेक गांवीं तो जमिनीचा धनीच होऊन बसला. पिकाचा अर्धा वांटा, कधीं त्याहूनही अधिक, त्याच्या अंगणांत जाई; वर वेठ निराळी. अखेर १९३३ च्या ऑक्टोबरांत अलिबागजवळील चरी येथें नारायण नागू पाटील यांच्या पुढाकारानें कुळांनीं खोतांची शेतें न कसण्याचा निश्चय केला, आणि आसपासचीं गांवें त्यांस मिळालीं. नांगर न धरतां शेतकऱ्यानें जगावयाचें ही गोष्ट बोलण्याइतकी सोपी नव्हे. पण संप जवळजवळ सहा वर्षें टिकला. १९३४ मध्यें डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीस जाऊन बोलले. १९३७ च्या सप्टेंबरांत त्यांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत खोती नष्ट करण्याचें बिल मांडलें, आणि पुढल्या जानेवारींत हजारों शेतकरी त्यासाठीं मुंबईंत चालून आले. प्रत्यक्षांत खोती गेली ती १९४९ च्या कायद्यानें.

तोंपर्यंत कोंकणचा तरुण गिरणींत पोंचला होता. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या शिरगणतींत मुंबईबाहेर जन्मलेल्या मुंबईकरांत रत्नागिरी जिल्ह्याचीं माणसें सर्वांत अधिक आहेत. घरें चालत तीं मनीऑर्डरीवर, आणि घरचा रस्ता समुद्रावरून. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट ऐन पावसांत बुडाली व सहाशेंहून अधिक उतारू प्राणांस मुकले.

आज खोत नाहीं, १९९८ पासून आगगाडी थेट किनाऱ्याकांठानें धांवते, आणि पेरलेला दाणा पेरणाऱ्याच्याच घरीं जातो. उणीव आहे ती हातांची. लावणीला माणूस मिळत नाहीं, बांधावर माती टाकावयास तर त्याहूनही नाहीं. कित्येक ठिकाणीं बांध फुटून खाडीचें पाणी खाचरांत शिरलें आहे, आणि जेथें भात डोलत असे तेथें खारफुटी माजली आहे. घाटावरून पाहणाऱ्याला तीही भातासारखीच हिरवीगार दिसते.