ट्रॅक्टर ट्रॉलीचे ब्रेक

ट्रॉलीची चाके ट्रॅक्टरपासून स्वतंत्रपणे रोखणारी यंत्रणा. नाशिक जिल्ह्यात लासलगाव, पिंपळगाव बसवंतच्या बाजारांत कांदा आणणाऱ्या अनेक ट्रॉल्यांना ती नसतेच. मग चांदवडजवळच्या राहुड घाटासारख्या उतारावर भरलेली ट्रॉली मागून रेटते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. हा धोका टाळता येतो, म्हणूनच तो चालवून घेणे अक्षम्य आहे.

हायड्रॉलिक प्रकारात ट्रॅक्टरच्या तेलदाबाने ड्रममधील शू फाकतात. काही परदेशी सहलीच्या ट्रेलरांत हे काम १२ व्होल्टचा विद्युतचुंबक करतो: तो फिरत्या ड्रमला चिकटून तरफ ओढतो. असे ब्रेक क्षीण झाल्यास आधी अर्थिंग आणि गंजलेले जोड पाहावेत, चुंबकाला दोष त्यानंतर. दोन्ही प्रकारांत वाहन एका बाजूला ओढत असेल, तर लायनरला ग्रीस लागल्याची शंका घ्यावी. असे लायनर पुसून न वापरता बदलावेत.

ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक पेडल शेतात वळण्यासाठी सुटे असतात. रस्त्यावर येण्यापूर्वी ते खटक्याने जोडलेच पाहिजेत. उतार सुरू होण्याआधी खालचा गिअर टाकावा, क्लच दाबून गाडी सोडू नये.