कोडे सोडवा, नोकरी मिळवा

जानेवारी १९४२. लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ या दैनिकाकडे तक्रारी येत होत्या, की तुमचे शब्दकोडे फारच सोपे असते. एका गृहस्थांनी पैज लावली : बारा मिनिटांच्या आत कोणी ते सोडवून दाखवले, तर धर्मादाय निधीला शंभर पौंड देईन. दैनिकाच्या कचेरीत घड्याळ लावून स्पर्धा झाली. चौघांनी कोडे वेळेत बिनचूक सोडवले. पाचव्यानेही वेळ गाठली, पण एका शब्दाचे स्पेलिंग चुकले नि तो बाद झाला. (आपल्या वर्गात याहून वेगळे काय घडते?)

काही आठवड्यांनी स्पर्धकांपैकी काहींना युद्धखात्याचे पत्र आले. बोलावणे होते ब्लेचली पार्कचे. जर्मनांचे ‘एनिग्मा’ यंत्रावरचे गुप्त संदेश तेथे उलगडले जात. गंमत म्हणजे घंटा झाली तेव्हा ज्याचा एक शब्द राहिला होता, त्यालाही बोलावणे आले!

ही गोष्ट इतकी रंगवून सांगितली जाते की तेथे सारे कोडेबहाद्दरच होते असे वाटावे. तसे नव्हते. ह्यू अलेक्झांडरसारखे बुद्धिबळपटू होते, गणिती होते. पण तेथील सुमारे तीन चतुर्थांश कर्मचारी स्त्रिया होत्या आणि त्यांतील बहुतेकींची निवड कोड्यांवरून झाली नव्हती.

इंटरनेट आले आणि ही युक्ती पुन्हा वर आली. अमेरिकी लष्कराने २००२ साली तरुणांना भरतीकडे ओढण्यासाठी एक अख्खा संगणक-खेळ फुकट वाटला. तो २०२२ पर्यंत चालला. २००४ साली कॅलिफोर्नियातील हमरस्त्यावर एक फलक लागला. त्यावर कंपनीचे नाव नाही, फक्त प्रश्न : ‘ई’ या संख्येच्या (२.७१८२८…) सलग अंकांत सापडणारी पहिली दहा अंकी मूळ संख्या कोणती? उत्तर ७४२७४६६३९१. दशांश चिन्हानंतरच्या ९९ व्या अंकापासून ती सुरू होते. हेच उत्तर संकेतस्थळाचा पत्ता होते. तेथे दुसरे कोडे :

७१८२८१८२८४, ८१८२८४५९०४, ८७४७१३५२६६, ७४२७४६६३९१. पाचवी संख्या कोणती?

फळ्यावर लिहून मुलांना प्रत्येक संख्येतील अंकांची बेरीज करायला सांगा. दर वेळी ४९! ‘ई’मध्ये अशी बेरीज देणारा पुढचा दहा अंकी तुकडा ५९६६२९०४३५. तो सापडला की अर्ज मागवणारे पान उघडे. फलक गूगलचा होता.

२०११ मध्ये ब्लेचलीच्या वारसदार जीसीएचक्यू या संस्थेनेही असेच कोडे संकेतस्थळावर ठेवले. पण शेवटचे अभिनंदनाचे पान कोडे न सोडवताच, साध्या शोधाने लोकांना सापडले.

घरबसल्या स्वतःला अजमावून पाहण्याची ही सोय मला आवडते. निवडीची कसोटी म्हणून मात्र शंका वाटते. गूगललाही ती आलीच. मुलाखतींत कोडी घालून पाहिल्यावर कंपनीच्या मनुष्यबळ विभागाचे प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी २०१३ साली सांगून टाकले, की त्यांवरून कामाबद्दल काहीच भाकीत करता येत नाही. विचारणाऱ्याला आपण हुशार असल्यासारखे वाटते इतकेच. त्यापेक्षा सर्वांना तेच प्रश्न विचारून एकाच मापाने गुण देणे त्यांना बरे वाटले.